आत्याची क्लेबसी

घरच्या मंडळींना फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकावं. बाकीच्या वाचकांनी नातेवाइकांच्या गप्पा चालल्यात असं समजून खुशाल शेजारी बसावं. विषय बुळबुळीत आहे. अगदी शब्दशः.

तर, क्लेबसिएला. माझी आणि हिची ओळख एम.एस्सी.पासूनची. (व्याकरणात तिचं लिंग काय ते मला माहीत नाही, पण मला ती कायम 'ती'च वाटत आली आहे.) मॅकॉन्की अगर नावाचं एक लालसर माध्यम असतं, त्यात पित्तातले क्षार आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज घातलेली असते. त्यावर ई. कोलाय वाढला की चपट्या, कोरड्या, गुलाबी कॉलन्या येतात. क्लेबसिएलाही गुलाबीच येते, पण फुगलेली, चकचकीत, शेजारणीच्या अंगावर ओघळणारी. प्लेट उलटी ठेवायला विसरलं तर सगळा चिखल. तारेच्या लूपने कॉलनीला स्पर्श करून हळूच वर उचललं तर काही जातींत चक्क तार येते, एकतारी पाकासारखी. ही तार पाच मिलिमीटरपेक्षा लांब आली तर जात जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते, आणि प्रयोगशाळांत ती अशी मोजतातही. लाडू करताना पाक झाला का बघायचा आणि जंतू वाईट आहे का बघायचा, रीत एकच!

हा चिकटा म्हणजे तिच्या अंगावरचं आवरण, कॅप्सूल. साखरेच्याच रेणूंच्या लांबलचक साखळ्या. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना धरून गिळतात, पण हिला धरायला जावं तर निसटते. मातीत हेच आवरण तिला सुकण्यापासून वाचवतं. लक्षात ठेवा, हे मातीचं पुन्हा येणार आहे.

मी पुढे दवाखान्यात गेले नाही. मी पाण्याच्या तपासणीत आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथेही ही बाई भेटते. पाण्याचा नमुना मॅकॉन्की ब्रॉथमध्ये घालायचा, आत एक छोटी नळी उलटी बुडवून ठेवायची आणि ३७ अंशांना ठेवून गॅसचा बुडबुडा येतो का ते बघायचं. आला तर पाण्यात कोलिफॉर्म गटातलं कोणीतरी आहे. ते ई. कोलाय असेल तर सांडपाणी मिसळलंय हे जवळपास नक्की. पण क्लेबसिएला असेल तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती माणसाच्या आतड्यात राहते तशी झाडाच्या मुळांशी, पालापाचोळ्यात, नदीत, कागद कारखान्याच्या सांडपाण्यातही राहते. ४४.५ अंशांच्या कडक चाचणीतही तिच्या काही जाती पास होतात आणि विष्ठा नसताना विष्ठेची बोंब ठोकतात. त्यामुळे नुसतं 'क्लेबसिएला सापडली' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येत नाही. कुठे सापडली, हा माझा पहिला प्रश्न असतो. आत्याच्या बाबतीतही तोच होता.

पण आधी नावाचं सांगते, मला ही गोष्ट फार आवडते. १८८२ मध्ये बर्लिनच्या कार्ल फ्रीडलँडर या डॉक्टरने न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुप्फुसात हे जंतू पाहिले आणि न्यूमोनियाचं कारण सापडलं म्हणून जाहीर केलं. अल्बर्ट फ्रेंकेल म्हणाला, छे, कारण वेगळाच जंतू आहे. दोघांची चांगलीच जुंपली. फ्रीडलँडरच्याच हाताखाली तेव्हा एक डॅनिश तरुण काम करत होता, हान्स क्रिस्टियान ग्राम. १८८४ मध्ये त्याने जंतू रंगवायची एक पद्धत काढली. फ्रेंकेलचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात आणि फ्रीडलँडरचे सोडून देतात, हे तिच्यामुळे कळायला लागलं. म्हणजे दोघांनी पाहिलेले जंतू खरंच वेगळे होते आणि न्यूमोनिया दोन्हींमुळे होतो. फ्रेंकेलच्यामुळे कितीतरी जास्त वेळा, हे मात्र खरं. फ्रीडलँडर चाळिशीच्या आतच, १८८७ मध्ये गेला. आणि जंतूला नाव कोणाचं मिळालं? एडविन क्लेब्स या तिसऱ्याच माणसाचं! त्रेव्हिसान नावाच्या इटालियनाने १८८५ मध्ये ते त्याच्या सन्मानार्थ ठेवलं. असो. कष्ट एकाचे आणि पाटी दुसऱ्याची, हे काही आपल्याकडेच चालतं असं नाही.

आता मातीकडे. हवेत जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की झाडांना त्याचा काडीचा उपयोग नाही. ते तोडायला खत कारखान्यात चारशे-साडेचारशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. क्लेबसिएलाच्या काही जाती हे काम मातीत, साध्या तापमानाला, गुपचूप करतात. त्यासाठी लागणाऱ्या 'निफ' जनुकांचा अभ्यास सगळ्यात आधी हिच्यातच बारकाईने झाला. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी ही जनुकं क्लेबसिएलातून ई. कोलायमध्ये नेली, आणि ज्या ई. कोलायने जन्मात कधी हवेतला नायट्रोजन वापरला नव्हता तो वापरायला लागला. (त्यांचा तो जंतू तेव्हा क्लेबसिएला न्यूमोनिए म्हणून ओळखला जायचा, आता त्याला तिच्या ऑक्सिटोका नावाच्या भावंडांत धरतात.)

एम.एस्सी.ला हे शिकताना मला सगळ्यात गंमत वाटली होती ती तिच्या काटकसरीची. नायट्रोजनच्या एका रेणूमागे सोळा एटीपी खर्च होतात, म्हणजे पेशीच्या हिशेबात फार महागडा सौदा. म्हणून आयता अमोनिया मिळतोय तोवर ती ही जनुकं बंद ठेवते. भोवती ऑक्सिजन असला तरी बंद, कारण त्याने यंत्रच बिघडतं. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच दुकान उघडायचं. साखर पचवण्यातही तेच. ई. कोलाय साखर खाऊन भोवती आम्ल करून ठेवतो आणि मग त्याच आंबटात बसतो. क्लेबसिएला बराचसा माल ब्युटेनडायॉल नावाच्या, आम्ल नसलेल्या पदार्थाकडे वळवते, म्हणजे घर आंबत नाही. प्रॅक्टिकलला व्होजेस-प्रोस्काउअर टेस्टची परीक्षानळी हलवत लाल रंगाची वाट बघत उभ्या राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना हे आठवत असेल. ई. कोलाय रंग देत नाही, ही देते.

ग्लिसरॉल खाऊन ती प्रोपेनडायॉल करते, त्याचंही पुढे नशीब उघडलं. तिची ती जनुकं आणि यीस्टची काही जनुकं ई. कोलायमध्ये घालून ड्यूपाँ कंपनीने २००६ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत कारखाना काढला, मक्याच्या साखरेपासून कापडाच्या धाग्याचा कच्चा माल करायचा. इंडोनेशियातलं टेम्पे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, त्यात बी-१२ जीवनसत्त्व येतं त्यातही हिच्या निरुपद्रवी जातींचा हात असतो. अशी ही घरकामाला वाघ असलेली बाई.

हे सगळं आधी एवढ्यासाठी सांगितलं की आत्याला जे झालं ते याच्याशिवाय समजत नाही. जिला कुठेही राहता येतं, जे मिळेल ते खाता येतं, आणि इतरांची जनुकं सहज उचलता येतात, ती इस्पितळातही राहू शकते. तिच्या दृष्टीने ती आणखी एक जागा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आत्या न्हाणीघरात पडली. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. लघवीला नळी होती, ती काही दिवस राहिली. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप, लघवी गढूळ, मग रक्तदाब उतरला आणि आयसीयू. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर लावलं. आतेभावाने मला रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा मी लॅबमध्ये नमुने मोजत होते. वर नाव, क्लेबसिएला न्यूमोनिए. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर, आर, आर, आर... मेरोपेनेम आर, इमिपेनेम आर. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध चालणार नाही. अगदी तळाशी कोलिस्टिनपुढे आय. दादाने विचारलं, "आय म्हणजे बरं ना?" २०२० पासून अमेरिकन मानकांनुसार कोलिस्टिनपुढे एस, म्हणजे 'चालेल', असं अक्षर लिहीतच नाहीत. फार तर आय. जपानमध्ये १९४९-५० च्या सुमारास सापडलेलं हे औषध मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून सत्तरीच्या दशकात मागे पडलं होतं, आणि दुसरं काही उरेना तेव्हा पुन्हा माळ्यावरून काढलं. हे सगळं दादाला त्या वेळी कुठे सांगत बसणार? मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार, एनडीएम आहे का."

एनडीएम म्हणजे एक विकर आहे, जस्ताच्या मदतीने चालणारं. पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं ते कापून टाकतं, कार्बापेनेम धरून. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत ते पहिल्यांदा ओळखलं गेलं, क्लेबसिएलातच. हा माणूस त्याआधी दिल्लीत इस्पितळात होता, म्हणून नाव पडलं न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. २०१० मध्ये नावावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! राजधानीची बदनामी, परदेशी कंपन्यांचा डाव, वगैरे. माझं मत विचाराल तर शहराचं नाव द्यायला नको होतं. पण त्या गोंधळात दुसरी गोष्ट मागेच राहिली. त्याच स्वीडिश रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळालं होतं. हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसलेलं असतं, आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे १९७२ मध्ये डिक्सन-पोस्टगेटनी खटपट करून जनुकं क्लेबसिएलातून ई. कोलायमध्ये नेली, आणि इथे एका माणसाच्या पोटात बहुधा तसंच काहीसं आपोआप घडलं होतं. पुढे २०११ मध्ये दिल्लीतलं पाणी तपासल्याचा अहवाल आला. नळाच्या पन्नास नमुन्यांपैकी दोनांत आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक होतं. तो वाचल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. माझा धंदाच पाण्याचा.

आत्या आयसीयूत असताना मला सतत आठवत होती ती अमेरिकेतल्या नेवाडाची बाई. वय सत्तरच्या पुढे, भारतात आली असताना मांडीचं हाड मोडलं, इथेच उपचार झाले, संसर्ग झाला. परत गेल्यावर २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ती वारली. तिच्या क्लेबसिएलावर तिथे मिळणाऱ्या सव्वीसपैकी एकही औषध चाललं नाही. तेच हाड, तेच वय. मी हे घरात कोणालाही सांगितलं नाही, आज पहिल्यांदाच लिहितेय.

आत्याचा जंतू एनडीएमवालाच निघाला. पण डॉक्टर हुशार आणि शांत होते. त्यांनी दोन औषधं जोडीने लावली. ॲझ्ट्रिओनाम नावाचं औषध एनडीएमला कापता येत नाही. मात्र अशा जंतूकडे बहुतेक वेळा इतर विकरंही असतात आणि ती ॲझ्ट्रिओनाम कापतात. त्यांना रोखायला दुसऱ्या औषधातलं ॲव्हिबॅक्टम. एकाने कुलपं धरून ठेवायची, दुसऱ्याने आत शिरायचं. खर्चाचं विचारू नका, दादाने एक एफडी मोडली. एकोणिसाव्या दिवशी आत्या आयसीयूतून बाहेर आली. क्रिएटिनिन तेव्हा वाढलं ते पूर्ण खाली आलं नाही, अजून १.९ च्या आसपास असतं. पण आली.

खरी गोष्ट यानंतरची आहे.

डिस्चार्जच्या वेळी कोणीतरी घाईघाईत सांगितलं, "रेझिस्टंट जंतू आहे, काळजी घ्या." काळजी म्हणजे काय, किती दिवस, कोणापासून कोणाची, काही नाही. त्या एका वाक्याचं घरी काय झालं ते मी महिन्याभराने गेले तेव्हा पाहिलं. आत्याचं ताट वेगळं. पेला वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला. तिचे कपडे वेगळे धुवायचे. टीव्हीसमोरची तिची खुर्ची कोपऱ्यात सरकवलेली. आणि नातसुनेचे दिवस भरत आले होते. बाळंतपण माहेरी साताऱ्याला होणार आणि सव्वा महिन्याने ती बाळाला घेऊन येणार, तर तोवर आत्याला धाकट्या मुलाकडे नाशिकला ठेवायचं, असं दबक्या आवाजात चाललं होतं.

वहिनीला कोणी बोलू नका, कृपा करून. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर एकोणीस रात्री तिनेच काढल्या. ती घाबरली होती, दुसरं काही नाही. पण आत्याला सगळं कळत होतं. मला जवळ बसवून म्हणाली, "काय गं, ती तुझी कोण ती क्लेबसी, अजून माझ्याच घरी राहिलीय का? मग मला विटाळशीसारखी बसवलीय ती कधीपर्यंत?" तिच्या लहानपणी, सासरी, ती किती बसलीये तशी, ते आम्हाला माहीत आहे. मला काही बोलवेना.

मग मी माझा तो पहिला प्रश्न घेऊन बसले. कुठे सापडली? रक्तात होती तेव्हा ती जीवावरचं दुखणं होती. आता रक्तात नाही, लघवीतही नाही. असली तर आतड्यात, बाकीच्या हजार जंतूंत बसलेली. अशी ती काही महिने, कधी वर्षभरही राहू शकते आणि बहुतेकांमध्ये हळूहळू हटते. तिला हाकलायला म्हणून औषध सहसा देत नाहीत. अँटिबायोटिक घेतलं तर उलट तिचे शेजारी मरतात आणि हिला आणखी जागा मिळते. ताटापेल्यातून, श्वासातून, एकमेकांच्या शेजारी बसून ती पसरत नाही. तिचा रस्ता संडासातून हाताला आणि हातातून पुढे. म्हणजे उपाय साबण. वेगळं ताट हा उपायच नव्हे.

पण बाळाचं काय? हा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याकडे नवजात बाळांच्या रक्तातल्या संसर्गात क्लेबसिएला अगदी वरच्या नंबरवर असते. तेव्हा मी माझ्या पुस्तकी भरवशावर न राहता दादा-वहिनींना बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे फरक सांगितला. बाळं दगावतात ती बहुतेक अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, अतिदक्षता विभागात नळ्या-सुया लावलेली. पूर्ण दिवसांचं, अंगावर पिणारं, घरात असलेलं धडधाकट बाळ वेगळं. पणजीने हात धुऊन खुशाल घ्यावं. बाळाचे लंगोट बदलणं, दूध-पाणी भरवणं तिने करू नये. घरातल्या सगळ्यांनीच हात धुवावेत, कारण आत्याच्या आतड्यात काय आहे ते निदान माहीत तरी आहे, इतरांचं कोणी तपासलंय? वहिनी परतीच्या रिक्षात गप्प होती. दुसऱ्या दिवशी लाल दोरा गेला.

दादाचा राग मात्र अजून आहे. त्याचं म्हणणं, इस्पितळानेच तिला हे दिलं. असेलही. पण मेलबर्नच्या एका आयसीयूत केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. तिथे क्लेबसिएलाचा संसर्ग झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा जंतू त्यांच्या स्वतःच्याच आतड्यातला निघाला. आत्याची भरती होताना तपासणी झाली नव्हती, त्यामुळे हा वाद मिटणारा नाही. आणि आत्याच्या डब्यात सर्दीपासून दाढदुखीपर्यंत लागणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या नेहमी असायच्या. लाल रेघवाल्याही. मार्च २०१४ पासून अशा कितीतरी औषधांसाठी दुकानदाराने चिठ्ठी बघून नोंद ठेवायची असा नियम आहे, पण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आत्याला 'काकू' म्हणतो. दादाला हे सांगितलं की तो चिडतो, "म्हणजे चूक तिचीच?" नाही रे बाबा. २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कार्बापेनेमला न जुमानणारी क्लेबसिएला पहिल्या नंबरावर आहे. हे काही एका डब्याने केलेलं काम नाही, आणि एका इस्पितळानेही नाही.

बाळ आलं, सव्वा महिन्याचं. आत्या त्या दिवशी सकाळपासून तीनदा हात धुऊन बसली होती, कोरडे पडून साल निघेपर्यंत. मांडीवर उशी, उशीवर बाळ. आता ते कार्टं दोन वर्षांचं होत आलंय आणि तिच्या काठीवर त्याचाच हक्क आहे.

घरच्यांसाठी शेवटचं. येत्या महिन्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'ऑगस्ट २०२३, क्लेबसिएला न्यूमोनिए, एनडीएम', आणि खाली त्या दोन औषधांची नावं. जो कोणी बरोबर जाईल त्याने ते पान भरतीच्या वेळी न विचारता दाखवायचं, कुठल्याही इस्पितळात. लपवायचं नाही, लाजायचं नाही. आत्याला दाखवलं तर चष्मा लावून वाचून म्हणाली, "हिचं नाव माझ्या नावाच्या वर कशाला लिहिलंस?" खाली लिहून देते म्हटलंय.